गाडीच्या तोंडावरचं तोरण

गाड्यांचा मला मनापासून राग आहे. शेजारीपाजारी कुणी नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन आलं, की मी पेढा तोंडात टाकते, छान झालं म्हणते, पण उठून अंगणात जाऊन गाडी बघत नाही. बाई शिष्ट आहे, असं म्हणतात माझ्यामागे. म्हणोत बापडे. त्यांना काय ठाऊक, की विशीतली मी एका गाडीच्या पुढच्या सीटवर बसून, कानात रबरी नळी खुपसून, हातखंबा ते पाली आणि पाली ते हातखंबा अशा खेपा घालत होते! इंजिन बरं आहे की आजारी, हे मला आजही नुसत्या आवाजावरून कळतं. रस्त्यानं जाणारी रिक्षासुद्धा माझ्या कानाची तपासणी झाल्याशिवाय पुढे जात नाही. नको असलेलं ज्ञान आहे ते, पण विसरता येत नाही.

गाडी माझ्या भावाची. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि आम्ही दोघंच. आमचं घर रत्नागिरीच्या वेशीबाहेर, कातळावर. बाबा कोर्टात कारकून होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. घरामागे हापूसची थोडी कलमं, आणि घराच्या बाजूला दादानं चिऱ्याच्या भिंती उभारून, वर पत्रे टाकून केलेलं गॅरेज. दादा आयटीआय झालेला. स्कूटरपासून टेम्पोपर्यंत काहीही दारात येई, नि तो ते बरं करून पाठवी. धंदा मात्र बेताचाच, कारण गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यापेक्षा याला इंजिनाशी गप्पा मारायला जास्त आवडे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. एका ओळखीच्या माणसाची छोटी पेट्रोल गाडी मागून चेपली, आणि तो तिला कंटाळून दादाकडे टाकून गेला. दादानं ती ठोकून, रंगवून सरळ केली. इथवर ठीक होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं ती चालवली असती. पण शहाणपणा आमच्या घरात वाटायला आला तेव्हा दादा बहुतेक गाडीखाली झोपला होता. त्याच्या डोक्यात आलं, की हिला टर्बो बसवायचा.

त्या वेळी टर्बो म्हणजे ट्रकची नाहीतर मोठ्या डिझेल जीपची गोष्ट. पेट्रोलवरच्या, चार माणसं बसली की धापा टाकणाऱ्या गाडीला तो लावायचा, हे ऐकून बाबांनी पेपर खाली ठेवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आई तेवढी चौकशीला गेली. तिला दादाचं सगळंच समजून घ्यायचं असे. न्हाणीघराच्या चुलीशी पाणी तापत ठेवून ती बसली होती. दादानं तिच्या हातातली फुंकणीच घेतली.

‘हे बघ आई. तू फुंकणीनं फू केलंस की जाळ मोठा होतो की नाही? टर्बो म्हणजे फुंकणी. एरवी गाडी आपल्याआपण श्वास घेते. ही फुंकणी तिच्या नरड्यात हवा कोंबते.’

‘मग सरपण लवकर संपेल,’ आई म्हणाली. ‘जाळ वाढला की लाकूडही जास्त लागतं.’

‘तिथंच तर घोडं पेंड खातंय! हवा वाढली नि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर इंजिन आतनं भाजून निघतं. आणि पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो गाडीतला कॉम्प्युटर. त्या बिचाऱ्याला फुंकणी बसवल्याचा पत्ताच नाही.’

‘मग सांग त्याला.’

‘ऐकत नाही ना तो!’

‘तुझ्यावरच गेलाय म्हणायचा,’ आई म्हणाली आणि फुंकणी परत घेतली.

हे सगळं हौसेपोटी चाललं असतं तर मी आज इतकी चिडून लिहीत बसले नसते. पण त्या गाडीवर दादाचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. एका बाजूला आमचा मामा. मामा आखातात कधीचा गेलेला, आणि त्यानं तिथल्या एका बसच्या गॅरेजात दादासाठी जागा बघून ठेवलेली. बाबांचं म्हणणं, मुकाट्यानं जावं. दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे काका. नात्यातले नव्हेत. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं करायचं त्यांचं वर्कशॉप होतं, आणि दर मे महिन्यात ते आमच्याकडे आंबे न्यायला येत. मोठ्यानं हसणारे, आईच्या हातची आंबापोळी घरात असेल तेवढी संपवणारे. त्यांनी गॅरेजात ती अर्धवट उघडलेली गाडी बघितली, दादाला दोन-चार प्रश्न विचारले, आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘दसऱ्याला आन की ही माझ्या दारात, आंबा घाट चढवून. वाटेत बॉनेट न उघडता. आणलीस, तर माझ्या वर्कशॉपातलं इंजिनाचं समदं काम तुझ्या हातात देतो. मला आसलाच गडी पायजे.’

बाबाही कबूल झाले. म्हणाले, दसऱ्यापर्यंत थांबतो. गाडी घाट चढली तर कोल्हापूर, नाहीतर मामाला होकार.

आईचं मात्र आधीच ठरलेलं होतं. ‘माझा भाऊ तिकडे दिला,’ ती म्हणाली, ‘तो परत येतो तो कुणाच्यातरी बाराव्याला. पोरगा नाही देणार.’ कोल्हापूर काय, घाट चढला की आलं. शनिवारी येईल, सोमवारी जाईल. तिनं मनातल्या मनात त्याचे डबेसुद्धा भरायला घेतले होते.

मग सुरू झाला तो छळ. टर्बो भंगारातून आला, तो बसवायला लोखंडी ब्रॅकेट ठोकले, नळ्या वळवल्या, हे सगळं त्याला सोपं गेलं. रडवलं ते कॉम्प्युटरनं. इंजिनात हवेचा दाब किती आहे हे सांगणारा एक चिमुकला सेन्सर असतो. टर्बोनं हवा कोंबली की त्यानं जन्मात न पाहिलेला दाब त्याला दिसे, आणि कॉम्प्युटर समजे की सेन्सरच बिघडला. लगेच समोर पिवळा दिवा, आणि गाडी आजारी म्हशीसारखी खुरडायला लागे. दादानं बाजारात जाऊन, काचेच्या पेटीतल्या माशांना हवा सोडायच्या नळीत असते ती प्लास्टिकची एकतर्फी झडप आणली आणि त्या सेन्सरच्या नळीवर बसवली. वाढलेला दाब सेन्सरला दिसेनासा झाला. पिवळा दिवा गेला. आम्ही दोघं अंगणात नाचलो.

पण कॉम्प्युटरला दाब दिसत नाही म्हणजे तो पेट्रोलही वाढवत नाही. मग दादानं पेट्रोल फवारणारं आणखी एक, पाचवं इंजेक्टर बसवलं. ते कधी उघडायचं याचं स्विच कधी लवकर लागे नि मागून काळा धूर सुटे, कधी उशिरा लागे नि गाडी फटफट करून मरे. मग ठिणगी कधी पडायची, ते टायमिंग. ते थोडं मागे घ्यायला लागे, थोडं म्हणजे किती ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसावं. आधीच्या खुणा कळाव्यात म्हणून त्यानं माझी नेलपॉलिशची बाटली पळवली. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात मी कोऱ्या नखांनी गेले, आणि गाडीच्या, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरवर गुलाबी रेघांची रांगोळी.

आणि नळी. टायमिंग चुकलं, हवा तापली किंवा पेट्रोल कमी पडलं, की आतला जाळ नको त्या वेळी भडकतो आणि पिस्टनवर हातोडी मारल्यासारखा बसतो. गॅरेजवाले त्याला नॉकिंग म्हणतात. त्याचा आवाज बारीक असतो, चालवणाऱ्याला गाडीच्या गोंगाटात ऐकू येत नाही, आणि ऐकू येईपर्यंत पिस्टन फुटायच्या बेताला आलेला असतो. दादानं इंजिनाला एक तांब्याची नळी बोल्टनं आवळली, तिला रबरी नळी जोडून डॅशबोर्डातून आत घेतली, आणि टोकाला डॉक्टरांच्या टाकून दिलेल्या स्टेथोस्कोपचे कान लावले. ते माझ्या कानात. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा आवाज आला की मी ओरडायचं, ‘हरभरे!’ आणि दादानं पाय उचलायचा. हातखंब्याच्या चढाला मी अशी ‘हरभरे, हरभरे’ करत जाताना एकदा आमच्या शेजारणीनं एसटीतून पाहिलं. ती आईला येऊन म्हणाली, मुलीचं लग्न लवकर करा.

शेवटची अडचण हवेची. हवा कोंबली की ती तापते, सायकलच्या पंपाला हात लावून बघा. तापलेली हवा इंजिनात गेली की हरभरे आलेच. म्हणून दादानं एक इंटरकूलर मिळवला. दिसायला रेडिएटरच्या धाकट्या भावासारखा, फक्त आतून पाण्याऐवजी हवा जाते. तो बसवायला त्यानं गाडीचा पुढचा बंपर करवतीनं कापला आणि भलंमोठं भगदाड पाडून त्यात जाळी बसवली. ‘हिला वारा लागला पाहिजे,’ हा त्याचा मंत्र झाला. एकदा मी तिथं ओली ओढणी वाळत घातली, तर केवढ्यांदा ओरडला माझ्यावर! ‘जाळी झाकू नको! वारा लागला पाहिजे!’

आईला ते भगदाड बघवत नसे. ‘गाडी आहे की सुसर? कशी तोंड वासून बसलेय नुसती. गिळेल एखाद्याला.’

श्रावणात हरभरे थांबले. पाली सोडून पुढे नाणीज, साखरपा, आणि घाटाची पहिली वळणंसुद्धा आम्ही चढून आलो. चढावर दादानं पाय दाबला की ती गाडी जी निघायची! पाठीला कुणी तळहात लावून पुढे ढकलावं तसं वाटे. माझ्या कानात नुसतं स्वच्छ, गोल गुरगुरणं. मी नळी काढून दादाच्या कानाला लावली. त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन चालू ठेवून बराच वेळ ऐकत बसला, आणि मग माझ्याकडे बघून असा हसला, की ते हसू मला आजही तसंच्या तसं दिसतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला नवं बांधतात. शेतातल्या नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू, कुरडूची फुलं असं एकत्र गुंफून ते दाराला, विहिरीला, कोयत्या-कुदळीला, घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूला बांधायचं. वर्षाचं सगळं चांगलं तिथून आत येतं, अशी समजूत. त्या वर्षी आई पहाटेपासून पडवीत बसून गुंफत होती. मला वाटलं दाराचं तोरण चाललंय. दादा आंघोळ करून, नवा शर्ट घालून बाहेर आला, आणि बघतो तर ते तोरण गाडीच्या तोंडावर. आंब्याच्या पानांच्या एकावर एक दाट रांगा, मध्ये लोंब्या, झेंडू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. भगदाड पार झाकलेलं. आई लहानपणी डोंगरावरून गवताचे भारे आणायची. तिची गाठ म्हणजे गाठ.

‘बघ कशी दिसते आता,’ ती म्हणाली. ‘झाकलं एकदाचं तोंड हिचं.’

‘आई, अगो पण वारा...’ दादानं सुरुवात केली.

तिचं लक्षच नव्हतं. तिनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, हातात नारळ होता, आणि डोळे भरलेले. ‘नवं बांधलंय मी,’ ती म्हणाली. ‘आता तू कुठ्ठे जात नाहीस. माझं मन सांगतंय मला.’

आता यावर कुठला मुलगा काय बोलणार? दादा वाकून तिच्या पाया पडला आणि गाडीत बसला. मी नळी कानात घालता घालता म्हटलं, ‘दादा, इंटरकूलर.’

‘हातखंब्यापर्यंत उडून जाईल वाऱ्यानं,’ तो म्हणाला.

हातखंब्याला मी उतरून पाहिलं. एक पान हललं नव्हतं. म्हटलं, काढूया. तो स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसला. मग म्हणाला, ‘आजच्या दिवशी नवं सोडत नाहीत गो. आणि आल्यावर ती पहिलं तेच विचारेल. हरभरे येतायत का?’

‘नाही.’

‘मग राहूदे.’

खरंच येत नव्हते. साखरप्यापर्यंत इंजिन सुतासारखं सरळ होतं. पण तो ऑक्टोबर होता. पाऊस गेलेला, कातळ तापलेला. घाट सुरू झाला आणि आम्ही एका लादलेल्या ट्रकच्या मागे सापडलो. दुसऱ्या गिअरात, वारा म्हणून नाही, आणि टर्बो हवा कोंबतोय. माझ्या कानात पहिले दोन दाणे हलले.

‘हरभरे!’

दादानं पाय उचलला. थांबले. पुढच्या वळणावर पुन्हा. ‘पेट्रोल बरोबर दिसत नाही आज,’ तो पुटपुटला. नवीन पंपावर भरलं होतं ना. कुणाचंही मन आधी दुसऱ्याच्या पेट्रोलवर जातं. तोंडावर आईचं तोरण आहे, हे आम्हा दोघांच्याही ध्यानातून तेवढ्यापुरतं गेलं होतं, कारण आमच्या लेखी ते आता गाडीचा भाग नव्हतं, सणाचं होतं. ट्रकनं बाजू दिली. समोर सगळा चढ मोकळा. दादानं पाय दाबला, आणि कुणी पत्र्यावर हरभऱ्यांचं पोतं ओतावं तसा माझ्या कानात खडखडाट झाला. मी किंचाळले. तेवढ्यात एक ठक्क, आणि गाडीतला जीवच गेला. मागे निळा-पांढरा धूर.

कोल्हापूरकडे तोंड करून आम्ही उभे होतो. बॉनेट उघडायचं नव्हतं, ते दादानं उघडलं. इंटरकूलरमधून बाहेर येणाऱ्या नळीला त्यानं हात लावला. एरवी ती नळी गार लागे. त्यानं चटका बसून हात मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि चालत गाडीच्या पुढे आला. वाऱ्यानं तोरण उडालं नव्हतं. उलट वाऱ्यानंच ती पानं आत दाबून जाळीला अशी घट्ट चिकटवली होती, की जणू खळीनं डकवलेली. हवा जायला बोटभर फट नव्हती.

मला वाटलं तो शिव्या देईल. मी तर दिल्याच असत्या. तो कठड्यावर बसला. मग उठला आणि गाठ सोडवायला लागला. सुटेना. शेवटी करवतीचं पातं काढून त्यानं दोऱ्या कापल्या. तोरण दरीत टाकलं नाही. वळणावर एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड होता, त्याच्यासमोर नीट पसरून ठेवलं, आणि परत येऊन मला म्हणाला, ‘आईला यातलं काही सांगायचं नाही. काय? माझ्या गळ्याशपथ.’

‘अरे, पण काकांना तरी खरं सांग!’ मी म्हटलं. ‘ते इंजिनवाले आहेत. त्यांना कळेल की चूक तुझी नव्हती. जाळी झाकली होती एवढंच. पुन्हा संधी देतील.’

‘आणि मे महिन्यात आंबे न्यायला येतील तेव्हा?’ तो म्हणाला. ‘आंबापोळी खाता खाता आईलाच सांगतील नि हसतील. काकांच्या पोटात काही राहत नाही. आईनं तोरण बांधून माझं इंजिन फोडलं, हे तिला ऐकायला लागलं तर ती जगेल काय गो?’

मागे साखरप्याला येऊन त्यानं फोन लावला. मी बूथच्या दाराशी उभी होते. ‘काका, माझं टायमिंग चुकलं,’ तो म्हणाला. ‘पिस्टन गेला. नाही, बाकी काही नाही. माझंच चुकलं.’ पलीकडून काय आलं ते त्याच्या तोंडावरून कळत होतं. बाहेर येऊन म्हणाला, ‘अजून शिकायला पाहिजे म्हणाले.’ ज्या कामात माझा भाऊ या जगात कुणापेक्षा कमी नव्हता, त्या कामात त्यानं स्वतःला अडाणी ठरवून घेतलं. तेही एका वाक्यात. माझा संताप संताप झाला. त्याचाही आला, काकांचाही, आणि सगळ्यात जास्त त्या मेल्या गाडीचा.

जीपला दोर बांधून गाडी घरी आणली. आई दारात ओवाळायचं तबक घेऊन उभी. दादा म्हणाला, ‘पेट्रोल भेसळीचं निघालं.’ तिनं तबक खाली ठेवलं आणि गाडीच्या तोंडाकडे पाहिलं.

‘तोरण गो?’

‘उडालं वाऱ्यानं,’ मी म्हटलं.

त्या दिवशी बाबांनी दादाच्या ताटात आपल्या हातानं आणखी एक पुरणपोळी वाढली. असलं काही त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी मी पडवीतून पाहिलं, आई अंगण झाडता झाडता गाडीपुढे थांबली होती. वाकून तिनं जाळीतून काहीतरी ओढून काढलं, तळहातावर ठेवलं, आणि तशीच उभी राहिली. मी हाक मारली तर मूठ मिटून आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

त्यानंतर आईचं वागणं मला कळेना. पोरगा नाही देणार म्हणून ठणकावणारी ती बाई, मामाचा फोन आला तरी तोंडातून ब्र काढीना. दादाची बॅग तिनंच भरली. मी एकदा तिच्या अंगावर धावून गेले. ‘तू का नाही अडवत त्याला? तू म्हणालीस तर थांबेल तो!’

‘मी कोण अडवणार?’ ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मला वाटलं, हिला पैशाचा मोह पडला. माझ्या आईबद्दल मी असं मनात आणलं, देवा.

दादा गेला. बसच्या गॅरेजात लागला. दर शुक्रवारी फोन करी, आणि शेजाऱ्यांचीसुद्धा विचारपूस करी, पण गाडीचं नाव काढत नसे. मी शाळेत शिक्षिका झाले, माझं लग्न ठरलं, त्या वेळी तो आला. गाडी गॅरेजात ताडपत्रीखाली तशीच होती. त्यानं ताडपत्रीचं एक टोक उचललं, आत पाहिलं, आणि खाली सोडलं. मी म्हटलं, ‘घाल की नवे पिस्टन.’

‘आता कशाला गो?’ तो म्हणाला.

आई मागच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि पदरानं तोंड पुसत आत गेली.

मी माहेरी दसऱ्याला जायचे तेव्हा एक गोष्ट दिसे. आई दाराला, विहिरीला, कोयत्याला नवं बांधी. बाबांच्या स्कूटरवर मात्र नुसतं एक फूल ठेवी, तेही सीटवर. मला वाटे, गाड्यांवरचा राग माझ्यासारखा तिलाही आहे.

काही वर्षांनी मामाचाच फोन आला. दादा झोपेतच गेला होता. हृदय, म्हणाले. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. माझ्या भावाच्या छातीत काय ठोके चुकत होते, ते ऐकायला तिकडे कुणी नव्हतं. मी असते तर मला ऐकू आलं असतं, असं वेड्यासारखं मी कितीतरी दिवस म्हणत होते.

मुंबईहून पेटी अँब्युलन्समधून आली. घराशी थोडा वेळ ठेवून, त्याच गाडीतून स्मशानात न्यायचं ठरलं. सगळी वाडी जमली होती. वाडीतल्या पोरांनी रीतीप्रमाणे झेंडूचा जाडजूड हार आणला आणि गाडीच्या तोंडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला. आई बातमी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. रडलीही नव्हती. ती बायकांच्या गराड्यातून उठली, अनवाणी पायऱ्या उतरली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

‘हा हार काढा,’ ती म्हणाली.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, ‘काकी, रीत असते ती.’

‘वर बांधा. मागे बांधा. जाळी झाकू नका. इंजिनाला वारा लागला पाहिजे.’

ते शब्द दादाचे होते, त्याच्याच सुरात. जाळीतून तिनं ओढून काढलं होतं ते तोरणाचंच पान होतं, ती जेवली का नव्हती, तिनं अडवलं का नाही, ते मला त्या अंगणात उभ्या उभ्या कळलं. तिला कळू नये म्हणून तो देश सोडून गेला, आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये म्हणून ती एवढी वर्षं गप्प राहिली. आता तिला सांगायचं असतं, तरी तो पेटीत होता.

ड्रायव्हर बिचारा परक्या गावचा. त्याला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. तो हात जोडून मऊ आवाजात म्हणाला, ‘मावशी, एवढ्याशा हारानं गाडीला काही होत नाही हो.’

‘होतं,’ आई म्हणाली.